रक्तांतील जंतु आणि औषधाची परीक्षा

जालना जिल्ह्यांत केळणा व जुई या नद्यांच्या संगमाजवळ असई नांवाचें एक खेडें आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या सैन्याशीं आर्थर वेलस्लीच्या इंग्रजी फौजेची जी लढाई येथें झाली, ती इतिहासांत प्रसिद्धच आहे. त्या एका दिवसांत इंग्रजांकडील ४२८ माणसें ठार झालीं व १,१३८ जखमी झालीं. मराठ्यांकडील जखमींची इतकी बिनचूक मोजदाद राहिलेली नाहीं. इतिहासकार येथून पुढच्या मोहिमेकडे वळतो. वैद्यकाच्या इतिहासाला मात्र त्या जखमींपाशींच थांबावें लागतें. कारण त्या काळच्या कोणत्याही युद्धांत गोळीच्या तडाख्यांतून वांचलेले कितीतरी शिपाई पुढें आठ-पंधरा दिवसांनीं तापानें जात. जखम चिघळे, हुडहुडी भरे, नाडी धांवूं लागे, रोगी बरळूं लागे, आणि रक्त दूषित झालें इतकेंच म्हणून शस्त्रवैद्य हात टेकी. रक्त कशानें दूषित झालें, हें युरोपांतील पंडितांसही ठाऊक नव्हतें.

तें कोडें उलगडावयास आणखी सत्तर-ऐंशी वर्षें लागलीं. जखमेंतून वा आंतड्यांतून रक्तांत शिरणारे सूक्ष्म जंतु हे या मृत्यूचें कारण होय, हें पाश्चर, लिस्टर व कॉख यांच्या परिश्रमांनीं सिद्ध झालें. परंतु जंतु नुसता दिसून भागत नाहीं. त्याला इतरांपासून वेगळा काढून वाढविल्याशिवाय त्याची ओळख पटत नाहीं. ही अडचण एका गृहिणीनें दूर केली. कॉख यांच्या प्रयोगशाळेंत काम करणाऱ्या वॉल्थर हेस यांची पत्नी फॅनी ही घरीं जेली घट्ट करण्यासाठीं समुद्रशेवाळापासून निघणारें अगर वापरीत असे. तेंच जंतूंच्या खाद्यांत घालावें, असें तिनें १८८१ सालीं सुचविलें. उन्हाळ्यांतही न वितळणारी अगरची थाळी तेव्हांपासून आजतागायत प्रयोगशाळांत नांदत आहे.

तरीही शत्रूची ओळख पटणें निराळें आणि त्याचा पाडाव करणें निराळें. प्लेगचा जंतु १८९४ सालीं हाँगकाँग येथें सांपडला. दोनच वर्षांनीं मुंबईंत प्लेगनें कहर मांडला. १८९७ सालीं खुद्द कॉख मुंबईस येऊन गेले. प्लेगच्या रोग्याच्या रक्तांतला जंतु सूक्ष्मदर्शकाखालीं दाखवितां येत होता. त्याला मारणारें औषध मात्र कोणापाशींच नव्हतें.

तें औषध मिळण्याची पहिली खूण थाळीवरच उमटली. १९२८ सालीं लंडनमध्यें अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या एका थाळीवर बुरशी पडली आणि तिच्याभोंवतालचे जंतु नाहींसे झालेले दिसले. ऑक्सफर्ड येथें १२ फेब्रुवारी १९४१ रोजीं अल्बर्ट अलेक्झांडर नांवाच्या पोलीस शिपायास त्या बुरशीपासून काढलेलें पेनिसिलीन देण्यास आरंभ झाला. चार-पांच दिवसांत त्याचा ताप उतरला. परंतु औषध अपुरें होतें. रोग्याच्या मूत्रांतून तें परत काढून पुन्हां टोचण्यापर्यंत मजल गेली, तरी तें संपलें आणि १५ मार्च रोजीं त्याला मृत्यूनें गांठलें. पुढें पुण्याजवळ पिंपरी येथें सरकारी कारखाना निघून १९५५ पासून पेनिसिलीन आपल्याकडेच तयार होऊं लागलें. औषधाचा दुष्काळ सरला; परंतु त्याच्या जागीं दुसरेंच संकट उभें राहिलें.

तें संकट कसें असतें, हें विषमज्वराच्या कथेवरून चांगलें कळतें. विषमज्वर हा आंतड्यांचा रोग असें लोक समजतात. वस्तुतः त्याचा जंतु पहिल्या आठवड्यांत रक्तांतच संचार करीत असतो. १९४८ सालीं क्वालालंपूर येथें क्लोरॅम्फेनिकॉल हें औषध या रोगावर गुणकारी ठरलें आणि एकवीस दिवसांच्या तापाची दहशत ओसरली. परंतु १९७२ सालीं केरळांतील कोळिकोड येथें त्या औषधास दाद न देणारा जंतु आढळला. १९९० च्या सुमारास तर एकदम तीन जुन्या औषधांना न जुमानणारा विषमज्वर देशभर पसरला. मग सिप्रोफ्लॉक्सॅसिन आलें. त्याचीही धार बोथट झाली. नवल असें कीं, क्लोरॅम्फेनिकॉलचा वापर मागें पडल्यावर अनेक ठिकाणचे जंतु त्याला पुन्हां वश होऊं लागले. तेव्हां औषध नवें कीं जुनें, महाग कीं स्वस्त, हा प्रश्नच गौण आहे. या रोग्याच्या रक्तांतील या जंतूवर तें चालतें कीं नाहीं, एवढाच प्रश्न खरा.

त्याचें उत्तर देणारी परीक्षा दिसावयास साधी आहे. रोग्याचें रक्त पोषक द्रव भरलेल्या बाटलींत घालून ऊबेंत ठेवतात. मोठ्या माणसाच्या एक मिलिलिटर रक्तांत पुष्कळदां एखाददुसराच जंतु असतो. म्हणून थेंबभर रक्त पुरत नाहीं, एकेका बाटलीला आठ-दहा मिलिलिटर घ्यावें लागतें. जंतु वाढला म्हणजे तो अगरच्या थाळीवर सारखा पसरून वर निरनिराळ्या औषधांनीं भिजविलेल्या कागदाच्या चकत्या ठेवतात. सोळा ते अठरा तासांनीं जें औषध चालतें, त्याच्या चकतीभोंवतीं जंतुरहित वर्तुळ उमटतें. मात्र ज्याचें वर्तुळ मोठें तें औषध श्रेष्ठ, असें नव्हे. प्रत्येक औषधाचें माप वेगळें असतें. हीं मापें निश्चित करून बॉअर, कर्बी व त्यांचे सहकारी यांनीं १९६६ सालीं ही रीत प्रमाणबद्ध केली.

या सर्वांस दोन-तीन दिवस लागतात आणि रोगी तितका वेळ थांबूं शकत नाहीं. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत जंतुदोषानें रक्तदाब खचलेल्या २,१५४ रोग्यांची माहिती तपासली गेली. लागू पडणारें औषध पहिल्या तासांत मिळालेल्यांपैकीं शेंकडा ८० जगले. पुढें पहिल्या सहा तासांत दर तासाच्या विलंबागणिक जगणाऱ्यांचें प्रमाण सरासरीनें शेंकडा साडेसातांहून अधिक घटत गेलें. म्हणून डॉक्टर अनुमानानें औषध सुरू करतो, तें योग्यच होय. पण त्यापूर्वीं रक्त घेतलेलें असेल, तरच तिसऱ्या दिवशीं तें अनुमान तपासतां येतें. चुकलें असल्यास औषध बदलतां येतें, आणि बरोबर असल्यास जोडीचीं अनावश्यक औषधें थांबवितां येतात. आधीं औषध टोचून मग घेतलेल्या रक्तांत जंतु बहुधा वाढतच नाहीं आणि साक्षीदारच नाहींसा होतो.

जालना १ मे १९८१ रोजीं स्वतंत्र जिल्हा झाला. त्याचें सरकारी वैद्यकीय महाविद्यालय ९ ऑक्टोबर २०२४ रोजीं सुरू झालें. तोंवर अशा महाविद्यालयासाठीं औरंगाबादेकडे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराकडे, सुमारें साठ किलोमीटर जावें लागे. मंठ्याच्या वा घनसावंगीच्या एखाद्या खेड्यांतून निघालेला तापाचा रोगी वाटेंतल्या दवाखान्यांत दोन-तीन इंजेक्शनें घेऊनच मोठ्या रुग्णालयांत पोंचला, तर तेथली उत्तम प्रयोगशाळाही फारसें सांगूं शकत नाहीं. अशा वेळीं घरच्या माणसांनीं पहिल्या इंजेक्शनापूर्वीं तपासणीसाठीं रक्त घेतलें काय, असें नम्रपणें विचारावें. आणि वाटेंत इंजेक्शन दिलें गेलेंच असेल, तर त्याची चिठ्ठी जपून पुढच्या डॉक्टरास दाखवावी. असईच्या जखमी शिपायाला विचारावयास हा प्रश्नही नव्हता.