पाण्याचा हिशेब झाला, गाळाचा राहिला

धुळे–सोलापूर महामार्गाने बीडकडे जाताना शहागडला गोदावरी ओलांडावी लागते. पूल संपला की जालना जिल्हा मागे राहतो आणि गेवराई तालुका सुरू होतो. या पुलावर उभे राहून समुद्र आठवावा असे काही तिथे नाही. मराठवाड्याला समुद्रकिनारा नाही. आमचा समुद्र म्हणजे पैठणचा नाथसागर. तरीही किनारपट्टीवरचे ताण आणि त्यांचे व्यवस्थापन या विषयावर कुणी पीएच.डी. करायला निघाला, तर मी त्याला आधी शहागडला जायला सांगेन. मी इतिहासाचा शिक्षक, त्यामुळे सुरुवात माझ्या वाटेने करतो.

शहागडपासून जवळच, नदीच्या दक्षिण तीरावर राक्षसभुवन आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी तिथे माधवराव पेशव्यांनी निजामअलीच्या फौजेचा पराभव केला. निजाम नदी उतरून औरंगाबादच्या बाजूला गेला होता, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मोठ्या फौजेसह अलीकडेच राहिला होता आणि गोदावरीला पूर होता. मालकाला दिवाणाच्या मदतीला येता आले नाही, विठ्ठल सुंदर मारला गेला. वर्गात आम्ही माधवरावांची हिंमत शिकवतो, राघोबादादांचे राजकारण शिकवतो. पुराच्या वाट्याला एखादे वाक्य येते. त्या पुराच्या पाण्यात काय होते, हे तर कुणीच विचारत नाही. त्यात नाशिक-नगरकडची माती होती. लढाई ज्या काठावर झाली, त्याच काठावरून ती माती पूर्वेला चालली होती, बंगालच्या उपसागराकडे.

हे मी कल्पनेने म्हणत नाही. गोदावरीच्या मुखासमोर, समुद्राच्या तळातून २००६ साली भारताच्या एका मोहिमेत गाळाचा लांब गाभा खोदून काढला गेला. त्यावरचे संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. या गाळाच्या थरांतील मूलद्रव्यांवरून माती कुठल्या खडकाची, हे ओळखता येते. गेल्या तीन-चार हजार वर्षांच्या थरांत दख्खनच्या काळ्या पाषाणाची माती एकदम वाढलेली दिसली. पाऊस कमी होत गेला, झाडोरा विरळ झाला, आणि त्याच सुमारास दख्खनमध्ये शेती पसरत होती. प्रवरेकाठचे दायमाबाद, नेवासे ही आपल्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची गावे. त्यांच्या काळची माती समुद्राच्या तळाशी आहे. उत्खनन करणाऱ्याला जे गावाच्या पांढरीत सापडते, त्याचा दुसरा अर्धा भाग भूरसायनाच्या अभ्यासकाला समुद्रात सापडतो.

राजमहेंद्रीच्या खाली गोदावरीचा त्रिभुज प्रदेश सुरू होतो. ती सगळी भातशेती, नारळाच्या बागा, कोरिंगाची खारफुटी नदीने आणून टाकलेल्या गाळावर उभी आहे. असा प्रदेश एकदा तयार झाला की कायमचा राहतो, असे नाही. लाटा रोज थोडे ओढून नेतात, खालचा मऊ गाळ आपल्याच भाराने दबत राहतो. नदीने दरवर्षी नवी भर घातली तरच किनारा जागेवर राहतो. आंध्र विद्यापीठातील हेमा मालिनी आणि के. नागेश्वर राव यांनी २००४ मध्ये मांडले की १९७६ ते २००१ या पंचवीस वर्षांत या किनाऱ्यावर भर पडलेली जमीन वजा जाता सुमारे १,८३६ हेक्टर जमीन समुद्रात गेली. नदीचा गाळही मोजलेला आहे: १९७० च्या दशकात वर्षाला सुमारे १५ कोटी टन, १९९० च्या दशकात ६ कोटी टनांच्याही आत. नाईलवर आस्वानचे मोठे धरण १९७० मध्ये पूर्ण झाले, त्यानंतर रोझेटाचे टोक समुद्राने असेच कुरतडले.

सगळा दोष आपल्या पदरात घ्यायचेही कारण नाही. गोदावरीला सर्वांत जास्त पाणी सिरोंच्याजवळ मिळणारी प्राणहिता देते. शहागडवरून जाणारा वाटा त्यामानाने लहान. किनाऱ्यावर चक्रीवादळे आहेत, खारफुटी तोडून केलेली कोळंबीची तळी आहेत. पण वाटा लहान असला तरी तो आपला आहे, आणि तो कुठे अडतो हेही आपल्याला ठाऊक आहे.

जायकवाडीची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी धरणाचे उद्घाटन केले. १९७२ चा दुष्काळ ज्याने पाहिला, तो या धरणाला नावे ठेवणार नाही. मीही ठेवत नाही. डाव्या कालव्याचे २०८ किलोमीटर म्हणजे कितीतरी गावांचा ऊस, गहू आणि पिण्याचे पाणी. पण पाणी थांबले की त्यातली माती तळाशी बसते. दरवाजे उघडून सोडलेला पूरही मग बराचसा गाळ मागे ठेवूनच खाली येतो.

गोदावरीच्या पाण्याचे भांडण बच्छावत लवादापुढे चालले आणि १९८० मध्ये अंतिम निवाडा झाला. पैठणपर्यंतचे पाणी महाराष्ट्राचे. पैठणच्या खाली, पोचमपाडपर्यंत, नव्या वापरासाठी ६० टीएमसी. त्यातूनच पुढे जोगलादेवी, मंगरूळपासून बाभळीपर्यंत बंधारे झाले. बाभळीच्या दरवाजांवर दोन राज्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडली; २०१३ चा निकाल कोणत्या तारखेला दरवाजे उघडायचे तेही सांगतो. टीएमसीचा हिशेब असा तारीखवार झाला. वाळू आणि गाळ यांचा वाटा कुणी मागितलाच नाही. त्रिभुज प्रदेशातल्या मच्छीमाराच्या वतीने तो मागणार तरी कोण?

राहिलेल्या वाळूची गोष्ट शहागड परिसरात कुणालाही विचारावी. वरून नवी भर फारशी येत नाही, म्हणजे पात्रातली वाळू ही जुनी पुंजी. तीच ब्रासच्या हिशेबाने हायवांतून शहरात जाते, लिलाव झाला तरी आणि न झाला तरी. वाळूचा थर पाणी धरून ठेवतो. तो गेला की काठच्या विहिरींना उन्हाळ्यात तळ दिसतो. गावकरी हे समजून आहेत, त्यासाठी त्यांना संशोधकाची गरज नाही. ट्रॅक्टरवाल्यांतही गावचीच पोरे असतात, म्हणून बोलताना आवाज थोडा खाली येतो, एवढेच.

सरकारी कागदांत मात्र ही एकच वाळू दोन वेगवेगळ्या जगांत राहते. १९ फेब्रुवारी १९९१ ची किनारा नियमन अधिसूचना भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतची पट्टी धरते, आणि नद्यांच्या बाबतीत भरतीचे पाणी पोहोचते तिथवरचा काठ. नंतर २०११ आणि २०१९ मध्ये नियम बदलले, पण नजर त्या पट्टीपलीकडे गेली नाही. शहागडची वाळू महसूल खात्याकडे ‘गौण खनिज’ म्हणून नोंदलेली. विद्यापीठांतही तेच. भूगोलाचा विद्यार्थी उपग्रहाची चित्रे पाहतो, अर्थशास्त्राचा लिलावाचे आकडे, आमचा पेशवे दप्तर, आणि एकमेकांचे प्रबंध कुणी उघडत नाही.

काम अवघड आहे, अशक्य नाही. केंद्र सरकारच्या २०१६ आणि २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वाळू उपसण्याआधी पात्रात दरवर्षी किती वाळू परत येते, याचा अभ्यास करावा लागतो आणि जिल्हा सर्वेक्षण अहवाल तयार करावा लागतो. खाली पोलावरमला केंद्रीय जल आयोग नदीतला गाळ मोजत आला आहे. जालन्याचा अहवाल आणि पोलावरमचे आकडे एका टेबलावर मांडायचे, शेजारी अंबड तहसिलीतल्या लिलावांच्या जुन्या नोंदी ठेवायच्या, आणि मग कोरिंगाच्या मच्छीमारांकडे जाऊन किनारा कुठवर होता ते विचारायचे. त्या विद्यार्थ्याला तेलुगू शिकावी लागेल, आणि महसुली मराठीही.