नागपूरच्या वाड्याचा लिलाव

२०२५ च्या मे महिन्यात माजिवड्यातली आमची इमारत पुनर्विकासाला गेली. भाड्याच्या दोन खोल्यांत आजोबांचे शिसवी मेज मावणार नव्हते, म्हणून जुने फर्निचर घेणाऱ्या एका व्यापाऱ्याला बोलावले. त्याने खण काढून उलटा केला, पायांच्या कोरीव कामावरून बोट फिरवले आणि विचारले, "कागद आहे का काही?"

कागद नव्हता. आजोबांनी ते मुंबईत कुठल्याशा लिलावात घेतले, एवढेच वडील सांगत. कोणाच्या घरचे, कोणत्या साली, हे वडिलांनी विचारले नाही आणि मीही नाही. पंचवीस वर्षे दुसऱ्यांच्या घरांची दफ्तरे चाळणाऱ्या माणसाला ही गोष्ट चांगलीच लागली. व्यापारी म्हणाला, "मग लाकडाचा भाव मिळेल."

त्याच्या आदल्याच महिन्यात, २९ एप्रिल २०२५ रोजी, लंडनच्या सदबीज या लिलावगृहात एका तलवारीची बोली लागली होती. महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत ती घेतली. हाताळणी, विमा, वाहतूक धरून खर्च ४७ लाख १५ हजार रुपये. १८ ऑगस्टला तलवार मुंबईत आली आणि प्रभादेवीच्या पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमीत लोकांना पाहायला ठेवली. फिरंग पद्धतीची ही तलवार, पाते युरोपी बनावटीचे, मूठ मुल्हेरी. मोल मात्र ठरले ते पात्याच्या पाठीवरच्या देवनागरी अक्षरांनी. तिथे रघुजी भोसले यांचे नाव आणि शाहू महाराजांनी दिलेला सेनासाहेबसुभा हा किताब सोन्याच्या पाण्याने लिहिलेला आहे. ती अक्षरे झिजली असती तर हीच वस्तू यादीत 'दख्खनी तलवार, अठरावे शतक' एवढ्यावर आली असती. थोडक्यात, तलवारीने आपला कागद अंगावरच बाळगला होता.

ती परदेशी गेली बहुधा १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर. त्याविषयी वर्तमानपत्रांत पुष्कळ छापून आले. पण भोसल्यांच्या वस्तू घराबाहेर पडण्याचा दुसरा, मोठा प्रसंग त्यानंतर सदतीस वर्षांनी घडला आणि त्याची आठवण या गडबडीत फारशी कोणी काढली नाही. त्यात लढाई नव्हती. हातोडा होता.

११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघुजी निपुत्रिक वारले. डलहौसीने दत्तक मानला नाही आणि १८५४ मध्ये नागपूर खालसा केले. राज्याबरोबर वाड्यातली चीजवस्तूही सरकारजमा धरली गेली. विक्रीचे पैसे घराण्याच्याच तरतुदीसाठी ठेवू, ही सबब. १८५७ च्या बंडाचा इतिहास लिहिणारा सर जॉन के यात नागपूरच्या या विक्रीला जागा देतो, आणि मला त्याची ती पाने पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटतात. सप्टेंबरच्या ४ तारखेला जनावरांचा लिलाव सुरू झाला. हत्ती, उंट, घोडे, बैल मिळून पाच-सहाशे जनावरे आणि एकूण उत्पन्न १,३०० पौंड. तेव्हा पौंडाला दहा रुपये धरत. म्हणजे हत्ती-बैल सरसकट एका दावणीला बांधले तर नगाला पंचवीस रुपयेही धड पडत नाहीत. राण्यांनी तक्रार केली. वाड्यातल्या कारकुनाला जमेल तशा इंग्रजीत लिहिलेल्या त्या अर्जात आहे की, दोनशे रुपये किमतीची गाडीच्या बैलांची जोडी पाच रुपयांना गेली.

मग पाळी आली घरातल्या सामानाची. वृद्ध बाकाबाईंनी, म्हणजे दुसऱ्या रघुजींच्या विधवा राणीने, धमकी दिली की सामान हलवाल तर वाडा पेटवून देईन. सामान हलवलेच. जडजवाहीर कलकत्त्याला गेले आणि १८५५ मध्ये हॅमिल्टन आणि कंपनी या जवाहिऱ्यांनी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन ते विकायला काढले. के म्हणतो की, राज्य गेल्यापेक्षा या जप्तीने आणि विक्रीने लोकांची मने अधिक विटली, असे त्याच्या कानावर आले होते. मला हे खरे वाटते. खलिता निघाला की राज्य जाते, ते रयतेला दिसत नाही. राणीचा पलंग रस्त्यावरून जाताना दिसतो.

लिलाव हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला. अलमारीही त्यांचीच. आम्हा ठाणेकरांना त्याचे नवल नको. १७३७ पर्यंत इथे त्यांचेच राज्य होते.

जनावरांची किंमत अर्जामुळे कळते, दागिन्यांची वाट जाहिरातीमुळे. चौरंग, पलंग, देव्हारे, पेट्या यांच्यावर कोणाचे नाव कोरलेले नसते. दुसऱ्या हाती गेले की पलंग नुसता पलंग होतो. नागपूरचा तो वाडा काळ्या दगडाचा होता आणि त्यातले लाकडी नक्षीकाम नावाजलेले होते. १८६४ मध्ये आग लागून वाडा जळाला. मोठा दरवाजा, नगारखाना, तेवढा उरला. इथे माझी मलाच पंचाईत होते. बाकाबाईंची बाजू घेऊन मी हा लेख लिहायला बसलो, पण सामान वाड्यातच राहिले असते तर दहा वर्षांनी त्याची राख झाली असती. काही शिल्लक असलेच तर ते त्या लिलावात गेलेलेच असेल. कुणाच्या तरी दिवाणखान्यात, नाव हरवून.

पुरावशेषांचा आपला कायदा १९७२ चा, अमलात आला ५ एप्रिल १९७६ पासून. शंभर वर्षांपूर्वीची ऐतिहासिक वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. पण त्याआधी बाहेर गेलेल्या वस्तूला तो हात लावू शकत नाही, म्हणून शासनालाही चारचौघांसारखी बोली लावावी लागते. नोंदणीची सक्ती मूर्ती, चित्रे, सचित्र हस्तलिखिते अशा ठरावीक वस्तूंना. घरातल्या मेजाला कोण विचारतो? पुण्याच्या दिनकर केळकरांनी विचारले. अडकित्ते, दिवे, वाड्यांचे दरवाजे जमवले आणि १९७५ मध्ये सारा संग्रह राज्याला दिला. असा माणूस प्रत्येक गावाला लाभत नाही.

व्यापारी टेंपो घेऊन यायच्या आदल्या रात्री मी एका जाड कागदावर आजोबांचे नाव, माजिवड्याचा पत्ता आणि वडिलांकडून ऐकलेली ती एक ओळ लिहिली आणि खणाच्या खालच्या अंगाला डकवली. सकाळी त्याने खण काढला, कागद वाचला.

"हे तुम्हीच लिहिलंय, साहेब. याला कागद म्हणत नाहीत."

भाव लाकडाचाच दिला. खण मात्र होता तसा परत बसवला, कागदासकट.