नागासाकीतील अखेरचा दिवस

वसईच्या भूमीत जन्मलेल्या एका ब्रदरांचा अखेरचा दिवस जपानमधील नागासाकी शहरात उजाडला आणि तेथेच संपला. तो दिवस होता ५ फेब्रुवारी १५९७. संत गोन्सालो गार्सिया हे नाव आपल्या मुलाबाळांच्या ओठी आहे. आपल्या चर्चला आणि महाविद्यालयाला आपण ते आदराने दिले आहे. परंतु ज्या नगरीत त्यांनी रक्त सांडले, त्या नगरीची ओळख आपल्यापैकी किती जणांना आहे? जपानच्या प्रवासात आम्ही नागासाकी मुद्दाम शेवटी ठेवली आणि विमान सुटण्यापूर्वीचा दिवस तीन स्थळांसाठी राखला: निशिझाकाची टेकडी, ओउराचे चर्च आणि उराकामीचे कॅथेड्रल. ही तीन स्थळे पाहिली म्हणजे जपानी ख्रिस्तसभेच्या इतिहासाची तीन पर्वे पाहिल्यासारखे होते.

निशिझाकाची टेकडी रेल्वे स्थानकापासून चालत काही मिनिटांच्या अंतरावर आहे. १९६२ साली, संतपद घोषणेच्या शताब्दीच्या निमित्ताने, येथे स्मारक आणि संग्रहालय उभे राहिले. एका लांब दगडी भिंतीवर सव्वीस रक्तसाक्ष्यांच्या कांस्यमूर्ती ओळीने उभ्या आहेत. शिल्पकार यासुताके फुनाकोशी यांनी त्यांना क्रुसावर खिळलेले दाखवलेले नाही. हात जोडलेले किंवा पसरलेले, नजर वर लागलेली आणि पाय अधांतरी, जणू ते भूमी सोडून निघाले आहेत. सव्वीसांपैकी सहा जण फ्रान्सिस्कन मिशनरी, तिघे जपानी येशूसंघीय आणि सतरा जण जपानी प्रापंचिक. त्यांतील सर्वांत लहान लुईस इबाराकी अवघ्या बारा वर्षांचा होता. सहा मिशनऱ्यांपैकी एक आपले गोन्सालो.

त्यांचा जन्म १५५७च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज आणि आई इथलीच. येशूसंघीयांच्या छायेत ते वाढले आणि किशोरवयातच त्यांच्याबरोबर जपानला गेले. तेथे सुमारे आठ वर्षे त्यांनी धर्मशिक्षकाचे काम केले आणि जपानी भाषा आत्मसात केली. येशूसंघात प्रवेश मिळाला नाही, तेव्हा ते व्यापारात शिरले. पुढे मनिलात त्यांनी फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून प्रवेश घेतला. १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्या नेतृत्वाखालील मंडळ जपानचा सर्वसत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे निघाले, तेव्हा दुभाषी म्हणून गोन्सालो त्यांच्यासोबत होते. गोन्सालो कधीच धर्मगुरू नव्हते. स्पॅनिश मिशनरी आणि जपानी दरबार यांच्यामध्ये शब्दांचा पूल बांधणे हे त्यांचे सेवाकार्य होते.

हा पूल राजकारणाच्या लाटेत वाहून गेला. १५९६ साली सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज तोसाच्या किनाऱ्यावर फुटले आणि त्यावरील माल जप्त झाला. स्पेनचा राजा आधी मिशनरी पाठवतो आणि मागून सैन्य, अशी बढाई जहाजाच्या सुकाणूधराने मारली असे सांगितले जाते; ते कितपत खरे, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. हिदेयोशीचा संशय मात्र खरा होता. त्यात मिशनरी संघांमधील आपापसातील स्पर्धेची भर पडली होती, हेही आपण झाकून ठेवू नये. क्योटो आणि ओसाका येथे चोवीस जणांना अटक झाली. त्यांच्या डाव्या कानाची पाळी कापून त्यांची धिंड काढण्यात आली आणि ऐन थंडीत सुमारे ८०० किलोमीटरचा प्रवास करीत त्यांना नागासाकीला आणण्यात आले. वाटेत आणखी दोघे त्यांना मिळाले. क्रुसावर भाल्यांनी भोसकून त्यांचा वध झाला. १६२७ साली त्यांना धन्य आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी संत घोषित केले.

दुसरे स्थळ ओउरा. फ्रेंच मिशनऱ्यांनी हे चर्च परदेशी रहिवाशांसाठी बांधले, ते सव्वीस रक्तसाक्ष्यांना वाहिले आणि त्याचे मुख निशिझाकाच्या दिशेने ठेवले. जपान्यांना त्या वेळीही ख्रिस्ती धर्म निषिद्धच होता. १६१४च्या बंदीहुकुमानंतर मिशनरी हद्दपार झाले. लपून राहिलेले धर्मगुरू एकामागून एक पकडले गेले आणि १६४४ साली अखेरच्या धर्मगुरूंचाही वध झाला. ख्रिस्ताची किंवा मरियेची प्रतिमा पायदळी तुडवून आपण ख्रिस्ती नसल्याचे नागरिकांना वर्षानुवर्षे सिद्ध करावे लागे. अनेकांनी ती तुडवली आणि घरी येऊन अश्रू ढाळत क्षमा मागितली.

१७ मार्च १८६५ रोजी उराकामी गावातील काही माणसे ओउराच्या चर्चमध्ये आली. फादर बर्नार पेतिजाँ प्रार्थना करीत होते. एका स्त्रीने जवळ येऊन हळूच सांगितले की आम्हा सर्वांचे अंतःकरण तुमच्यासारखेच आहे. आणि मग सांता मारियाची मूर्ती कोठे आहे, असे विचारले. दोनशेहून अधिक वर्षे या लोकांनी मिस्सा पाहिली नव्हती. धर्मगुरूंविना त्यांनी धर्म राखला तो साध्या व्यवस्थेने: एक जण सणावारांची दिनदर्शिका सांभाळी, दुसरा बाप्तिस्मा देई, तिसरा घरोघरी निरोप पोहोचवी. लॅटिन आणि पोर्तुगीज प्रार्थना पिढ्यानपिढ्या तोंडपाठ होत राहिल्या. शब्द झिजले, उच्चार बदलले, पण त्यामागचा भाव टिकला. हे सारे शेतकरी आणि कोळी होते.

त्यांचे हाल येथेच संपले नाहीत. १८६७पासून उराकामीच्या ख्रिस्ती लोकांची धरपकड सुरू झाली. तीन हजारांहून अधिक स्त्रीपुरुषांना दूरदूरच्या प्रांतांत हद्दपार केले गेले आणि त्यांतील सहाशेहून अधिक तेथेच मरण पावले. १८७३ साली बंदी उठली, तेव्हा उरलेले परतले. ज्या गावप्रमुखाच्या वाड्यात त्यांना प्रतिमा तुडवावी लागे, तीच जागा त्यांनी विकत घेतली आणि तेथे कॅथेड्रल बांधले. १८९५ साली आरंभलेले काम १९१४ साली पुरे झाले.

तेच आमचे तिसरे स्थळ. ९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी अणुबॉम्ब या कॅथेड्रलपासून सुमारे ५०० मीटरवर फुटला. स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या तयारीसाठी आत पापनिवेदन चालू होते. उराकामीच्या सुमारे १२,००० कॅथलिकांपैकी ८,५०० जण मृत्युमुखी पडले. अडीच शतकांच्या छळाने जे साधले नाही, ते एका ख्रिस्ती राष्ट्राच्या विमानाने क्षणात केले. डॉ. ताकाशी नागाई यांनी या मृतांना होमबलीची उपमा दिली. तिच्यामुळे बॉम्ब टाकणाऱ्यांची जबाबदारी झाकली जाते, असा आक्षेप पुढे घेतला गेला आणि आम्हालाही तो योग्य वाटतो. मात्र त्या शब्दांमागे शोक होता, हे विसरता येत नाही: डॉक्टरांची पत्नी मिदोरी त्या दिवशी गेली होती आणि ती दिनदर्शिका सांभाळणाऱ्या घराण्याची लेक होती. ढिगाऱ्यातून निघालेली घंटा १९४५च्या नाताळच्या पूर्वसंध्येला पुन्हा वाजली. नवे कॅथेड्रल १९५९ साली उभे राहिले. फुटलेल्या दुसऱ्या घंटेच्या जागी अमेरिकेतील कॅथलिकांनी नवी घंटा दिली आणि ९ ऑगस्ट २०२५ रोजी दोन्ही घंटा एकत्र वाजल्या.

सायंकाळी विमानतळाकडे निघालो. नागासाकीचा विमानतळ ओमुराच्या उपसागरातील एका बेटावर आहे. ४ फेब्रुवारी १५९७च्या रात्री हेच पाणी ओलांडून हात बांधलेल्या सव्वीस जणांना सोनोगीहून तोगित्सूला होड्यांतून आणले होते. उरलेली रात्र त्यांनी होड्यांतच काढली आणि पहाटे निशिझाकाची वाट धरली.

गोन्सालोंना आपण वेदीवर बसवले, परंतु त्यांचा वारसा चालवला आहे काय, हा प्रश्न या शहराने आमच्यापुढे ठेवला. धर्मगुरू नसताना साध्या प्रापंचिकांनी नागासाकीची श्रद्धा जिवंत ठेवली, घरात, आईवडिलांच्या तोंडून. आपल्याकडे चर्च आहे, धर्मगुरू आहेत, मराठीतून मिस्सा आहे. घरातील रोजरी मात्र किती घरांत उरली आहे? आणि जी मुले मराठी वाचेनाशी झाली आहेत, त्यांना आजीच्या प्रार्थना कोण शिकवणार? वसईचा हा पुत्र परक्यांची भाषा शिकून त्यांच्यापर्यंत शुभवार्ता घेऊन गेला. आपल्याला तर आपलीच भाषा आपल्या मुलांपर्यंत पोहोचवायची आहे. त्यासाठी समुद्र ओलांडावा लागत नाही. आज रात्री जेवणापूर्वी सगळ्यांनी एकत्र बसले, तरी आरंभ होईल.