हरताळ, शेंदूर आणि सापाची पेटी

विश्रांतवाडीतल्या एखाद्या सदनिकेत बॉल पायथनसाठी लाकडी पेटी करायची ठरली, तर बहुतेक जण प्लायवूड आणतील. हौशी माणूस मात्र रविवारी जुना बाजार गाठेल आणि पाडलेल्या वाड्याच्या सागवानी दाराची फळी घेऊन येईल. तिच्यावर हिरव्या-निळ्या ऑइल पेंटचे चार-पाच थर असतात. ते घासावेत का, आणि वर कोणता रंग द्यावा? प्रश्न सुताराला विचारण्याजोगा वाटतो. त्याचे उत्तर मात्र रंगांच्या इतिहासात आहे. आजचा धागा त्याविषयी.

तत्पूर्वी एक खुलासा. पुण्याला सापांचे वावडे नाही. १९८० साली नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांसमवेत ७२ तास काचेच्या केबिनमध्ये बसले होते आणि १९८६ साली कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले. परंतु नाग, घोरपड वा चांदणी कासव घरी पाळणे हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. बॉल पायथन किंवा हिरवा इग्वाना यांसारख्या परदेशी प्राण्यांचीही आता सरकारी नोंदणी करावी लागते. पुढचे सारे अशा नोंदणीकृत प्राण्याच्या पेटीसंबंधी आहे.

आता आपल्या भाषेकडे पाहू. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो. पोथी लिहिताना अक्षर चुकले की लेखनिक त्यावर पिवळ्या हरताळाचा लेप देई आणि तो वाळला की त्यावर नवे अक्षर लिही. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचे संयुग. कीड लागू नये म्हणूनही कागदाला हरताळ लावीत. पोथ्यांतला लाल हिंगूळ पाऱ्याचा. मारुतीच्या अंगावरचा पारंपरिक शेंदूर शिशाचा आणि जुना सफेदाही शिशाचाच. आपल्या पूर्वजांची रंगपेटी देखणी खरी, पण तिचा निम्मा भाग विषाचा होता.

शिसे घातक आहे हे नव्याने कळलेले नाही. रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियस याने दोन हजार वर्षांपूर्वी शिशाचे काम करणाऱ्यांच्या फिकट चेहऱ्यांकडे बोट दाखवून शिशाचे नळ टाळायला सांगितले होते. तरीही सफेदा भिंतींवर चढतच राहिला, कारण तो उत्तम झाकतो आणि टिकतो.

घरातल्या रंगाचा आणि मुलांच्या आजाराचा संबंध स्पष्टपणे मांडला तो ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनचे डॉक्टर लॉकहार्ट गिब्सन यांनी, १९०४ साली. तिथली मुले शिशाच्या विषबाधेने आजारी पडत होती. गिब्सन यांनी बोट ठेवले ते लाकडी व्हरांड्यांच्या रंगीत कठड्यांवर. कडक उन्हाने रंगाची भुकटी होई, ती मुलांच्या हाताला लागे आणि बोटे तोंडात जात. या शोधाचे मोल मला नेहमी मोठे वाटते. मुलांनी रंग खाल्ला नव्हता, कठड्याला नुसता हात लावला होता.

साप तर जग चाखूनच ओळखतो. त्याची दुभंगलेली जीभ हवेतले आणि पृष्ठभागावरचे सूक्ष्म कण उचलून टाळूतल्या जेकबसन अवयवाकडे नेते. शिवाय पोट सदैव फळीला टेकलेले, वरून दिव्याची ऊब आणि पेटीचे दार बंद. ब्रिस्बेनच्या कठड्याची गोष्ट इथे चोवीस तास घडते.

दमटपणाचीही एक गोष्ट आहे. १७७५ साली शेले या रसायनज्ञाने आर्सेनिकचा एक हिरवा रंग तयार केला. एकोणिसाव्या शतकात असल्या हिरव्या रंगांनी युरोपातली भित्तिपत्रे सजली. ओल्या भिंतीवरची बुरशी त्यांतून विषारी वायू सोडते, हे १८९०च्या दशकात इटलीच्या गोसिओ यांनी दाखवले. सुदैवाने तो रंग आज दुकानात मिळत नाही; पण दमट, बंद जागेत रंग स्वस्थ बसत नाही, हे त्यावरून कळते.

मग आपली लाख वापरावी का? शुद्ध लाख ही किड्यापासून मिळणारी राळ. तिचा मुलामा औषधी गोळ्यांवरही असतो. पण ती उष्णतेने मऊ पडते आणि पाण्याने पांढुरकी होते. शिवाय ती झटकन पेटते. लाक्षागृहाची योजना करणाऱ्यांना हे ठाऊक होते. दिव्याखालच्या पेटीत लाख नको.

अमेरिकेने घरगुती शिसेयुक्त रंगावर १९७८ साली बंदी घातली. भारतात शिशाची मर्यादा दर दशलक्ष भागांत ९० भाग अशी ठरली आणि ती लागू झाली १ नोव्हेंबर २०१७ रोजी. म्हणजे वाड्याच्या दारावरचा प्रत्येक थर नियमाच्या आधीचा. त्यात शिसे आहे असेच धरून चालावे. कोरड्या काचपेपरने ती फळी घासली, की विष धूळ होऊन सापाच्या आधी घरातल्या मुलांच्या श्वासात जाईल.

तेव्हा जुनी फळी पेटीला नकोच. नवे प्लायवूड घ्यावे आणि डब्यावर ९० पीपीएमची नोंद पाहून, पाण्यात मिसळणारा, कमी वासाचा ॲक्रिलिक रंग वा पॉलियुरेथेन पातळ थरांत द्यावे. वाळवीनाशक मिसळलेले लाकडाचे रंग टाळावेत. रंग हाताला कोरडा लागला म्हणजे मुरला असे नव्हे. पेटी काही आठवडे उघडी ठेवावी, अधूनमधून आतला दिवा लावावा आणि दार बंद ठेवून तासाभराने वास घ्यावा. वास येत असेल तर सापाला आणखी थांबवावे.