बाळाचें पहिलें सणवर्ष

ज्या घरांत वर्षाच्या आंतलें मूल आहे, त्या घरांतील सणांना एक निराळेंच तेज चढलेलें असतें, हा अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. दिवाळी तीच, संक्रांत तीच, गुढीपाडवाहि तोच. परंतु बाळाच्या जन्मानंतर येणारा प्रत्येक सण हा ‘पहिला’ ठरतो, आणि पन्नास दिवाळ्या पाहिलेली आजीसुद्धां जणुं आपलीच पहिली दिवाळी असावी अशा उत्साहानें कामाला लागते. ज्याच्यासाठीं हा सारा खटाटोप, तें बाळ मात्र पणतीकडे टक लावून पाहत राहतें, नाहीं तर ऐन ओवाळण्याच्या वेळीं झोपीं जातें. हा आनंद इतका स्वाभाविक वाटतो कीं, त्यालाहि कांहीं इतिहास असेल अशी कल्पना सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. पण बाळाच्या पहिल्या वर्षांतील सण आपल्या पूर्वजांनीं एवढ्या कसोशीनें कां साजरे केले, ह्या प्रश्नाच्या मागें जाऊं लागलें म्हणजे आपण एका फार जुन्या भीतीपर्यंत जाऊन पोंचतों. त्या भीतीची, आणि तिच्यावर मनुष्यानें मिळविलेल्या विजयाची हकीकत आज आपणांस थोडक्यांत सांगावयाची आहे.

पुणें जिल्ह्यांत, शिरूर तालुक्यांत, घोड नदीच्या परिसरांत इनामगांव नांवाचें गांव आहे. तेथें १९६८ पासून १९८३ पर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनीं उत्खनन केलें आणि तीन हजार वर्षांहून जुन्या अशा एका शेतकरी वसाहतीचे अवशेष उजेडांत आणले. डॉ. सांकलिया व डॉ. ढवळीकर हीं ह्या कार्याशीं निगडित असलेलीं नांवें मराठी वाचकांस सुपरिचित आहेत. हे लोक कुडाच्या भिंतींच्या घरांत राहत, जव पिकवीत, गुरें पाळीत आणि आपल्यासारखींच बोरें खात. त्यांच्या घरांच्या जमिनी खणीत असतां संशोधकांना ठिकठिकाणीं मातीचीं मडकीं आडवीं पुरलेलीं आढळलीं. दोन मडकीं तोंडाला तोंड लावून ठेवलेलीं, आणि त्यांच्या पोटांत एका लहान मुलाचीं हाडें! तेथें सांपडलेल्या दोनशेंहून अधिक दफनांत मुलांचींच संख्या मोठी आहे. मृत बालक घराबाहेर न नेतां राहत्या घराच्या जमिनीखालींच कां ठेवलें जाई, ह्याचें उत्तर ती माती देत नाहीं. परंतु आईबापांचा नित्याचा वावर, चूल आणि निजण्याची जागा ह्यांच्याखालींच तें मूल असे, एवढें मात्र ती स्पष्ट सांगते. महाराष्ट्रांतील बाळपणाच्या इतिहासाचें हें पहिलें पान आहे.

आतां अनेक शतकें ओलांडून अजिंठ्यास येऊं. तेथील दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यांत गाभाऱ्याच्या एका बाजूस हारीती व तिचा पति पांचिक ह्यांच्या भव्य मूर्ति आहेत. हारीती ही मूळची मुलें खाणारी यक्षिणी. बौद्ध कथा अशी आहे कीं, बुद्धानें तिच्या पांचशें मुलांपैकीं सर्वांत लाडकें मूल लपवून ठेविलें. ती वेडीपिशी होऊन त्याला शोधूं लागली, तेव्हां इतर आयांचें दुःख तिला उमगलें. आणि जी मुलांचा घांस घेत होती तीच त्यांची रक्षणकर्ती झाली. अजिंठ्याच्या शिल्पकारानें तिच्या आसनाखालच्या पट्टींत काय कोरावें? पंतोजींपुढें बसून शिकणारीं मुलें, आणि त्यांच्यामागें खेळांत दंग झालेलीं मुलें! वांचलेल्या मुलांचा तो गोंगाट दगडांतूनहि ऐकूं येतो.

महाभारताच्या सभापर्वांत हीच कल्पना दुसऱ्या रूपानें येते. मगधाच्या बृहद्रथ राजाला दोन शकलांत जन्मलेला मुलगा जरा नांवाच्या राक्षसीनें सांधला, म्हणून त्याचें नांव जरासंध. ही जरा स्वतःस गृहदेवी म्हणविते, आणि जो कोणी आपलें चित्र मुलांसह घराच्या भिंतीवर काढील त्याच्या घरीं भरभराट होईल असें सांगते. श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं श्रावणांत देवघराजवळ जिवतीचा कागद लावला जातो, त्यांना हें चित्र नव्यानें दाखवावयास नको. नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, हत्तीवर व वाघावर बसलेले बुध-बृहस्पति, आणि मधोमध मुलांना खेळविणाऱ्या जरा-जिवंतिका. छापखान्यांतून निघणारा हा स्वस्त कागद एका अतिशय प्राचीन भित्तिचित्राचा वंशज म्हणावयास हरकत नाहीं. श्रावणांतल्या शुक्रवारीं आई मुलांना ओवाळते, आणि जें मूल परगांवीं असेल त्याच्यासाठीं चारी दिशांना अक्षता टाकते. बाळ मांडीवर असतांना येणारा पहिला श्रावण हा तिला ह्या व्रताचा अर्थ जितका समजावून देतो, तितका कोणताहि ग्रंथ देत नाहीं.

जुन्या लोकांची भीति उगीच नव्हती. जन्मानंतरच्या पांचव्या व सहाव्या रात्रीं घरांत दिवा तेवत ठेवावयाचा, बायकांनीं जागरण करावयाचें, आणि सटवाईनें येऊन बाळाच्या कपाळीं नशीब लिहावें म्हणून कोरा कागद व लेखणी मांडावयाची, ही चाल सर्वश्रुत आहे. ह्याच रात्री धोक्याच्या कां मानल्या, ह्याचें एक कारण वैद्यकशास्त्र देतें. अस्वच्छ विळीनें वा सुरीनें नाळ कापल्यामुळें होणारा अर्भकांचा धनुर्वात बहुधा पहिल्या आठवड्यांत, निदान दोन आठवड्यांच्या आंत, प्रकट होतो. चांगलें दूध पिणारें मूल एकाएकीं दूध सोडी, त्याचें अंग ताठे, आणि दोन दिवसांत सारें संपे. जंतूंची ओळख नसलेल्या आईनें ह्याला सटवीचा कोप म्हटलें तर नवल काय? निरीक्षण बरोबर होतें; कारण तेवढें चुकलें होतें. बाराव्या दिवशीं बारसें करून मुलाला नांव देण्याच्या रीतींत, तोपर्यंतची भीति थोडीशी ओसरली ह्या समाधानाचाहि अंश असावा. ज्यांची आधींचीं मुलें गेलीं ते तर नांव ठेवतांनाहि सावध असत. दगडू, धोंडू, भिकू हीं नांवें मायेच्या अभावीं ठेवलेलीं नव्हेत. ‘हें तुझ्या कामाचें नाहीं’ असें मृत्यूला सांगण्याची ती युक्ति होती.

सुशिक्षित घरांनाहि ह्या दुःखांतून सुटका नव्हती. आनंदीबाई जोशी ह्या वयाच्या चौदाव्या वर्षीं माता झाल्या, आणि त्यांचें बाळ अवघे दहा दिवस जगलें. बारशाचा पाळणा सजण्यापूर्वींच तें गेलें. योग्य वैद्यकीय उपचार मिळाले असते तर, हा विचार त्यांच्या मनांतून गेला नाहीं. त्या १८८३ सालीं अमेरिकेस गेल्या, १८८६ सालीं फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयांतून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या, आणि पुढच्याच वर्षीं, बाविसावें वर्ष पुरें होण्याच्या आंत, निवर्तल्या. आपल्या विद्येचा उपयोग करण्यास त्यांना अवधि मिळाला नाहीं. परंतु त्यांनीं दाखविलेल्या वाटेनें पुढें ज्या स्त्रिया गेल्या, त्यांच्या हातून वांचलेल्या बाळांची गणती कोण करणार?

ही सारी पार्श्वभूमि लक्षांत घेतली म्हणजे बोरन्हाणाच्या सोहळ्यांतील हर्ष किती खोलवरून आलेला आहे हें कळूं लागतें. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या एखाद्या संध्याकाळीं बाळाला पाटावर बसवितात. कांहीं भागांत ह्या समारंभाला ‘लूट’ असेंहि म्हणतात. अंगांत काळें झबलें, आणि त्यावर पांढऱ्याशुभ्र हलव्याचे दागिने: गळ्यांत हार, मनगटांत कडीं, डोक्यावर मुकुट. काळा रंग थंडीच्या दिवसांत ऊब धरतो असें सांगतात. दृष्ट लागूं नये हाहि हेतु त्यांत असतोच. तिळावर साखरेचा पाक थोडाथोडा टाकीत, मंद आंचेवर तासन् तास हातानें फिरवीत राहावें तेव्हां कोठें हलव्याला कांटा चढतो. बोटें भाजतात, पाठ भरून येते. पण घरांत बाळाची पहिली संक्रांत असली म्हणजे ह्या कामाला हात कमी पडत नाहींत.

औक्षण झालें म्हणजे मापानें बोरें, ऊंसाचे तुकडे, चुरमुरे, रेवड्या, भुईमुगाच्या शेंगा आणि हलवा बाळाच्या मस्तकावरून ओततात, आणि भोंवतीं टपून बसलेलीं आळींतलीं मुलें त्यावर तुटून पडतात. बाळ प्रथम दचकतें. खालचा ओंठ थरथरूं लागतो. तें आईच्या तोंडाकडे पाहतें. आणि ती हंसत आहे असें दिसतांच, ही कांहीं तरी चांगली गोष्ट असावी असा निर्णय करून तेंहि हंसूं लागतें. पुढच्या क्षणीं मनगटांतलें कडें तोंडांत गेलेलें असतें, आणि सबंध दिवस खपून केलेला तो दागिना वडील माणसांच्या डोळ्यांदेखत विरघळूं लागतो. त्याबद्दल कोणी रागावल्याचें ऐकिवांत नाहीं.

त्या मापांतील जिन्नस नीट पाहिले तर त्यांतहि इतिहास आहे. बोराची ओळख ह्या भूमीला इनामगांवच्या काळापासून आहे. म्हणजे ज्या घरांत मडक्यांतून बाळें पुरलीं जात, त्याच घरांत बोरेंहि येत. ऊंस आपल्या देशांत प्राचीन काळापासून पिकतो. भुईमूग मात्र दक्षिण अमेरिकेंतला. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीपूर्वीं आपल्याकडील कोणत्याहि बाळाच्या डोक्यावर भुईमुगाची शेंग पडणें शक्य नव्हतें. जो विधि आपण अनादि समजतों त्यानें परदेशांतून आलेला एक जिन्नस किती सहजपणें आपल्या मापांत घेतला! परंपरा जिवंत असते ती अशी.

ह्या मापांत आणखी एक परकी वस्तु येऊन मिळाली, आणि तिनें बाळाचें सणवर्ष सर्वस्वीं पालटून टाकलें. ती म्हणजे लस. देवीच्या रोगानें किती घरांतील पाळणे रिकामे केले ह्याला सीमा नाहीं. श्रावणांतील शीतळासप्तमी त्या भीतीचीच साक्ष आहे. देवीची लस बगदाद-बसऱ्याच्या मार्गानें मुंबईस आली, आणि १४ जून १८०२ रोजीं ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोंचण्यांत आली. हिंदुस्थानांत यशस्वी रीतीनें लस टोंचलेली ती पहिली व्यक्ति. तिच्या दंडावरील फोडांतून घेतलेली लस पुढें इतर मुलांना देण्यांत आली, आणि दंडावरून दंडावर अशी ती देशभर गेली. लोकांचा विरोध झाला, अफवा उठल्या, तरी काम चालूच राहिलें. १९७५ सालीं देवीचा ह्या देशांतील शेवटचा रोगी नोंदला गेला, आणि १९८० सालीं जगांतून देवी नाहींशी झाल्याचें जाहीर झालें. शीतळेची पूजा राहिली. जिच्या धाकानें ती होत असे ती आपत्ति उरली नाहीं.

आंकडे रुक्ष असतात, पण येथें ते सांगणें प्राप्त आहे. १९२१ सालच्या मुंबई शहराच्या नोंदींत हजार जन्मांमागें सहाशेंहून अधिक अर्भकमृत्यु दाखविले आहेत. बाळंतपणाला गांवीं गेलेल्या स्त्रियांच्या मुलांचे जन्म शहरांत नोंदले जात नसत, म्हणून हा आंकडा प्रत्यक्षाहून फुगलेला आहे. तथापि एका खोलींत राहणाऱ्या चाळकऱ्यांची स्थिति भयंकर होती ह्यांत शंका नाहीं. संबंध भारतांत १९७१ सालीं हजारीं १२९ बालकें वर्षाच्या आंत दगावत. २०२० सालीं ती संख्या २८ वर आली, आणि महाराष्ट्रांत १६ वर. अर्भकांच्या धनुर्वाताचें देशांतून उच्चाटन झाल्याचें २०१५ सालीं मान्य करण्यांत आलें. सटवाईच्या रात्रींचें भय असें स्वच्छ पात्यानें, आईला दिलेल्या लसीनें आणि शिकलेल्या सुइणीच्या हातानें दूर केलें.

श्रोतेहो, भीति गेली म्हणून सण सोडावयाचे कीं काय? मला तसें वाटत नाहीं. आपल्या पणजीनें पहिली संक्रांत केली ती बहुधा जीव मुठींत धरून केली. तिच्या हंसण्यांत प्रार्थना मिसळलेली असे. आपण ती निर्भयपणें करूं शकतों, हें आपलें भाग्य आहे, आणि तें अनेकांच्या श्रमांनीं आपल्याला मिळालें आहे. तें अद्याप सर्वांना मिळालेलें नाहीं. हजारांतील कांहीं घरीं पहिला सण येतच नाहीं, आणि तीं घरें बहुधा दवाखान्यापासून दूर, पाड्यांवर आणि वस्त्यांवर असतात. म्हणून बाळाच्या डोक्यावरून बोरांचें माप ओततांना, आळींतल्या साऱ्या मुलांना बोलावण्याची जी जुनी चाल आहे तिचा अर्थ थोडा विस्तृत करावा. आपल्या घरीं काम करणाऱ्या बाईच्या तान्ह्या मुलाची लस वेळेवर टोंचली गेली आहे कीं नाहीं, तिला दवाखान्यांत जाण्यास एक दिवसाची रजा मिळते कीं नाहीं, एवढी चौकशी त्या संध्याकाळीं अवश्य करावी. हलवा तर तिच्याहि बाळाला द्यावयाचाच आहे.