पडद्याची मालकी

संगणकावरील खेळ पूर्वी सबंध पडदा व्यापून बसत, यात त्यांचा उद्दामपणा नव्हता. त्या काळची व्यवस्थाच तशी होती. एमएस-डॉस या कार्यप्रणालीत एका वेळी एकच प्रोग्रॅम चाले. १९९३ च्या डिसेंबरात आलेला ‘डूम’ एकदा सुरू झाला, की तो चित्राचे ठिपके थेट चित्रस्मृतीत लिही. मध्ये विचारणारे कोणी नसे.

ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आले आणि पडद्यावर अनेक खिडक्यांचा शेजार सुरू झाला. खेळ रचणारांना ही मध्यस्थी मंद वाटे. त्यांची समजूत घालण्यासाठी मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी डायरेक्टएक्स पुढे केले. त्यातील डायरेक्टड्रॉ हा विभाग प्रत्येक प्रोग्रॅमला त्याची ‘सहकार्याची पातळी’ जाहीर करावयास लावी. या सहकार्याचा एक प्रकार संपूर्ण पडद्यावर अनन्य हक्क सांगण्याचा, म्हणजे उघड असहकाराचा, असावा, ही गंमतच म्हणावयाची! बहुतेक खेळांनी तोच पत्करला.

खेळणाराची मात्र अडचण झाली. मध्येच दुसरे काम पाहावे, तर परतताना खेळ कोलमडून पडे. यातून डीएक्सविंड, डीथ्रीडीविंडोअर यांसारखी साधने निघाली. त्यांची युक्ती दुभाष्याची होती, आणि दुभाषी प्रामाणिक नव्हता. खेळाने अनन्य हक्काची मागणी केली, की ती वाटेतच अडवून कार्यप्रणालीपुढे साध्या खिडकीची विनंती ठेवावयाची, आणि खेळाला ‘मागणी मंजूर’ म्हणून कळवावयाचे.

परंतु एक असत्य निभावण्यास पुढची अनेक लागतात. १९९८ चा ‘स्टारक्राफ्ट’ ६४० बाय ४८० ठिपक्यांच्या पडद्यावर २५६ रंगांत चाले, आणि ते २५६ रंग कोणते हे तो स्वतः ठरवी. खिडकीत आल्यावर भोवतालच्या लक्षावधी रंगांच्या पडद्याशी त्याचे जमेना. म्हणून प्रत्येक ठिपक्याचा रंग भाषांतरित करणे आले. माऊसचेही तेच. खेळ पडद्याच्या कोपऱ्यापासून अंतर मोजी. खिडकी असे भलतीकडेच. तेव्हा तेवढे अंतर दर वेळी वजा करावे लागे. डॉसच्या खेळांसाठी २००२ मध्ये आलेल्या डॉसबॉक्सने तर सबंध जुना संगणकच खिडकीत उभा केला.

सोयीसाठी निघालेल्या या युक्त्यांना पुढे निराळेच मोल आले. २०१२ च्या विंडोज ८ ने २५६ रंगांचा पडदा खऱ्या अर्थाने देणे बंद केले. उरली ती नक्कल. कित्येक खेळांचे निर्माते तोवर व्यवसायातून गेले होते. त्या खेळांत दुरुस्ती कोण करणार? अशा वेळी हा दुभाषी नसता, तर त्यांतील काही खेळ केवळ नावापुरते उरले असते.

विंडोज १० मध्ये खुद्द कार्यप्रणालीनेच हा मार्ग पत्करला. खेळ अनन्य हक्क मागतो, त्याला होकार मिळतो, आणि प्रत्यक्षात त्याला बहुधा पडद्याएवढी, बिनचौकटीची खिडकी दिली जाते. ज्यास हे मानवत नाही, त्याच्यासाठी खेळाच्या फाईलच्या गुणधर्मांत एक लहानशी चौकट ठेवलेली आहे. तिच्यात खूण केली, की ही व्यवस्था बंद होते.