तळटीप : ‘मुकादमी करणे’

‘मोठा मुकादम लागून गेलास!’ : हे खोचक बोलणे आहे, मानाचे संबोधन नव्हे. मूळ अरबी ‘मुकद्दम’ म्हणजे पुढे असलेला, अग्रेसर. जुन्या मराठी कागदांत ‘मोकदम’ म्हणजे गावचा पाटील. म्हणून ‘पाटीलकी करणे’ आणि ‘मुकादमी करणे’ हे सख्खे भाऊच. १९६२च्या कायद्याने वतनी महसुली पाटीलकी संपली. भवानीनगरला मात्र छत्रपती सहकारी साखर कारखान्यामुळे मुकादम अजून रोजच्या पाहण्यातला आहे. कोयत्यांना, म्हणजे ऊसतोडीच्या नवरा-बायकोच्या जोड्यांना, उचल देऊन बांधून घेणारा, टोळी आणणारा आणि फडात उतरवणारा तो हाच. त्याचा शब्द मोडता येत नाही, कारण अंगावर उचल असते. न विचारता हुकूम सोडणाऱ्या शेजाऱ्याला हे नाव ठेवताना सुचवायचे असते ते, माझ्या मते, एवढेच : तुझी उचल मी घेतलेली नाही! लुडबुड्या नुसता मध्ये येतो, चोंबडा इकडचे तिकडे करतो. मुकादमी करणारा दुसऱ्याला कामाला जुंपतो. म्हणून संवादात ‘लुडबुड’ असा बदल न करता लेखकाचाच शब्द ठेवला आहे.

— संपादक